कुडखोऱ्याचं ऊन

पूर्वेचा खांब

आगाशीला आशालताबाईंच्या परसात सुकेळीचा मांडव आहे. चार खांब, वर बांबूच्या कामट्या, कामट्यांवर अंथरायला कारवीची चटई. पूर्वेच्या खांबाला एक लोखंडी आकडा ठोकलेला आहे. दर हंगामात सुकवलेल्या केळ्यांचा पहिला जुडगा केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीत, बांधून त्या आकड्याला टांगायचा. मग त्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. खारी कुरतडतात, कावळे ओढतात. पावसापर्यंत काही उरत नाही.

लहानपणी क्षितिजाने विचारलं होतं, "हा कुणाचा?"

"कुडखोऱ्याचा वाटा."

"कुडखोरं कुठे आहे?"

आईने हातातल्या सुरीने पूर्व दाखवली. पूर्वेला माड, माडांमागे विरारच्या इमारती, इमारतींमागे डोंगरांची निळी रांग. "तिकडे. आपली राजेळी केळ तिथून आली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तुझे आजोबा म्हणायचे. आता बोलू नको, केळं सोल."

यंदा आकडा रिकामा आहे. राजेळीच्या शेंड्याला पानांचे गुच्छ झाले, पानं अरुंद होऊन ताठ उभी राहिली, आणि एकेक करून सगळी झाडं खोदून जाळावी लागली. शेजारच्या वाडीत ॲन्सेल्मकाकांचीही गेली. राजेळी नाही तर सुकेळी नाही. दुसरं केळं तसं सुकवलं की त्याची चप्पल होते. प्रयोगशाळेत रोपं करून मिळतात, पण तिथले लोक म्हणाले, आधी रोग नसलेला कंद आणा.

"कुठून आणायचा?" आशालताबाई म्हणाल्या. "सगळ्या पट्ट्यात तोच रोग."

"जिथून आली तिथून," क्षितिजा म्हणाली.

"चाळिशीला आलीस तरी उलट उत्तरं."

"उलट नाही, आई. सरळ आहे."

खोरं म्हणजे

दोन डोंगरांमधली जागा.

(अपुरं. पुन्हा.)

डबा

वालीवला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात क्षितिजा तपासणीचं काम करते. खोकं दाबायचं, कोपरा बघायचा, पास किंवा नापास. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधल्या परेशने तिच्या समोर डबा उघडला. भाकरी, सुकट आणि उकडलेलं केळं, उभं चिरलेलं. पिवळ्यावर तांबूस झाक.

क्षितिजाचा घास हातातच राहिला.

"परेश, हे काय आहे?"

"केळं आहे मॅडम."

"ते दिसतंय मला. कुठलं?"

"घरचं. वर माचीवर आहेत. कुणी लावली नाय, आहेतच आधीपासून."

"घर कुठे तुझं?"

"कामणच्या मागे, डोंगरात. तुम्हाला नाय माहीत असणार. कुडखोरं म्हणतात."

तिने न विचारता एक फोड उचलली. मग दुसरी. मॅडमने माझं जेवण खाल्लं, हे परेश नंतर सगळ्या कारखान्याला सांगत होता. फोड तोंडात असताना त्या काय बोलल्या, तेही सांगत होता.

"रविवारी येते," असं बोलली होती ती.

खोरं म्हणजे

एक जागा, जिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पळीने, सुरीने, हनुवटीने खूण केली गेली आणि जिथे कुणी गेलं नाही.

(हे खोऱ्याबद्दल नाही, आमच्याबद्दल झालं. पुन्हा.)

तोंड

खोऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि ते मिटलेलं आहे. घरांएवढे काळे धोंडे एकमेकांवर कलंडून पडलेत, त्यांच्या फटींतून ओढा बाहेर येतो आणि फटींतूनच उंबर वर गेलेत. परेशच्या आजोबांच्या लहानपणी एका श्रावणात दरड कोसळली. त्याआधी इथवर बैलगाडीची वाट होती. नंतर आतली माणसं मागच्या खिंडीतून बाजाराला जायला लागली आणि खालून वर येणारी यायची थांबली.

"म्हणजे भांडण नव्हतं," ॲन्सेल्मकाका म्हणाले. ते एका धोंड्यावर बसून धाप टाकत होते. पायांत चर्चला जायचे बूट होते, कारण बाकीचे बूट त्यांनी घरीच ठेवले होते. वाडीतलं काहीही वर न्यायचं नाही, असा त्यांचाच हुकूम होता. चटई नाही, पान नाही, केळीचं सोपट तर नाहीच. रोग पसरवणारी मावा कीड कशालाही चिकटून जाते. कोयता त्यांनी घासून, उकळत्या पाण्यात बुडवून आणला होता.

"भांडण कसलं?" क्षितिजाने विचारलं.

"अगं, इतकी वर्षं कुणी आलं नाही म्हणजे भांडण असणार, असं वाटलं मला. आपल्याकडे तेवढ्यासाठीच माणसं येत नाहीत."

"काका, तुम्ही इथेच थांबा. पुढे चढ आहे."

"थांबतो की. तू केळीचा कंदासकट मुनवा आणशील, तुझ्या वाडीत लावशील, आणि मी कुंपणावरून बघत बसेन. चल गे बाय, पुढे हो."

परेश पुढे, काका मध्ये, ती मागे. धोंड्यांच्या पलीकडे उतरल्यावर गाड्यांचा आवाज एकदम गेला. दार लावल्यावर जातो तसा.

तळ

तळाशी ओढा, ओढ्याकाठी भाताची कापलेली खाचरं, चार-सहा कुडाची घरं. दक्षिणेला सरळ उभा काळा कडा, त्याच्यावर आग्या मोहोळं लटकलेली. उत्तरेला पायऱ्यापायऱ्यांचा उतार. त्यातली एक पायरी रुंद आणि हिरवी. तीच माची. खोऱ्याची रुंदी सांगायची तर, एका काठावरून शिवी दिली की दुसऱ्या काठावर नीट ऐकू जाते.

परेशची आई खळ्यात तुरीच्या शेंगा झोडत होती. तिने मान वर केली.

"कोन गं तू?"

"क्षितिजा. आगाशीहून आले. परेशच्या कारखान्यात असते."

"ती जेवन खानारी?"

परेशने खाली बघितलं.

"हो, तीच," क्षितिजा म्हणाली.

"मी लाडकी. योजनेच्या आधीची." बाई स्वतःच हसली. "बस. पानी पी. काय पायजे?"

"तुमच्या माचीवरच्या केळीचा एक मुनवा. आमच्याकडची सगळी झाडं रोगाने गेली."

"मिळंल की." लाडकीने काठी बाजूला ठेवली. "वाटा आनलास?"

"वाटा?" क्षितिजाने विचारलं.

"समुद्राकडनं कोनी मुनवा न्यायला आलं तर आधी वाटा ठेवायचा. गोड लाकडं. सासू सांगायची. ती पोर असताना बागवाले दर साली घेऊन यायचे. मरेपर्यंत तेच सांगत होती बाय. काळी, चिवट, चघळत बसायचं, मधासारखी. मी कधी बगितली नाय. मला चाखून बगायचंय, म्हातारी खरं बोलत होती का नाय."

क्षितिजाने तिला आकड्याचं सांगितलं. पहिला जुडगा, पूर्वेचा खांब, डोंगराचा म्हणून कुणी हात लावत नाही ते.

"मग कोन खातं?"

"खारी."

लाडकीने ठेवलेली काठी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "आमचा वाटा खारी खातात?"

"बाजारातून आणून देते," क्षितिजा घाईने म्हणाली. "आगाशीच्या बाजारात मिळते अजून सुकेळी."

"बाजारातलं मी पन आनीन. ज्या कंदाचा मुनवा मागतेस, त्याच केळीचं करून दाव. येतं का तुला?"

येत होतं का? सोलायला येत होतं. आईच्या हाताखाली उचलठेव येत होती. मांडवाचं, उन्हाचं, कधी थांबायचं याचं सगळं आईच्या बोटांत होतं.

"येतं," क्षितिजा म्हणाली.

काका खोकले.

माची

माचीवर राजेळी एका ओळीत उभी होती. जंगलात झाडं अशी ओळीत उगवत नाहीत. प्रत्येक झाडाभोवती गोल आळं, आळ्यांना जोडणारा दगडी पाट, पाटाच्या वरच्या टोकाला कातळातून झिरपणारा झरा. ॲन्सेल्मकाका गुडघ्यावर बसले आणि पाटाच्या सांध्यातला चुना नखाने उकरला. चुन्यात पांढरे, वळणदार तुकडे होते.

"शिंपले," ते म्हणाले. "बघ. शिंपले भाजून केलेला चुना. एवढ्या वर समुद्र कधी आला होता?"

"कुणीतरी पाठीवर आणला."

"आपल्यापैकी कुणीतरी. तुझ्या नाहीतर माझ्या माणसांपैकी. तेव्हा काय फरक होता म्हणा."

परेशने ऐकलेलं असं होतं, की कधीकाळी किनाऱ्यावर गलबतांतून लुटारू यायचे, तेव्हा बागवाले बायकापोरं घेऊन इथे लपायचे. येताना मुनवे कापडात गुंडाळून आणायचे, कारण वाडी जाळली तरी कंद हवा. इथे लावायचे, शांत झालं की परत न्यायचे. न्यायचे तेव्हा काही झाडं इथे ठेवून जायचे. राखायला खोऱ्यातली माणसं, आणि राखल्याचा वाटा म्हणून सुकेळी. हे खरं की कुणी रचलेलं, परेशला माहीत नव्हतं. चुना मात्र खरा होता. माची आता लाडकीच्या नावच्या वनपट्ट्यात होती. अभयारण्याची हद्द वरच्या धारेवर संपत होती. मुनवा द्यायचा की नाही, हे ठरवणारी फक्त लाडकी.

झाडं निरोगी होती. पानं रुंद, मोकळी, वाऱ्याने फाटलेली. तयार घड दोनच. एक माचीवर, पिकत आलेला. दुसरा लाडकीने आधीच उतरवून घरात चुलीवर टांगलेला, धुराने पिकायला.

"माचीवरचा घे," लाडकी म्हणाली. "घरातला पोरांचा हाय."

पश्चिमेकडे खोऱ्याच्या तोंडातून समुद्राची बारीक पट्टी दिसत होती. तिच्या अलीकडे माडांची रेघ. क्षितिजाने तिकडे बघितलं. आई आता परसात असेल आणि इकडे बघत असेल, सवयीने.

खोरं म्हणजे

लपायची जागा. कंदाने जपून राहायची जागा.

(बरं आहे. पण ऊन कुठे आहे?)

खळं

तिने कारखान्यातून रजा घेतली. घरी आईने सगळं तोंडपाठ करून घेतलं.

"मांडव कुठे घालशील?"

"खळ्यात. सारवलेलं आहे, सपाट आहे."

"बरोबर. जमीन तापली पाहिजे. दिवसभर वर ऊन, संध्याकाळी टोपलीत सुकी पानं घालून झाकायचं. केळी घाम सोडतात. सकाळी पुन्हा मांडवावर. रोज एकदा उलटायची."

लाडकीचंही तेच मत पडलं. "खळ्यातच घाल. मोहाची फुलं मी तिथंच वाळवते. कडकडीत होतात."

क्षितिजा, काका आणि परेश यांनी कारवी तोडून चटई विणली. परेश कामावर गेला. घड पिकला, तसा तिने सोलला. केळी ओळीत मांडली तेव्हा तिला आईसारखं वाटलं. काका म्हणाले, "छान. आता देवाचं ऊन आणि आपली भाकरी."

पहिल्या दिवशी केळी ओली राहिली. होतं असं, काका म्हणाले. दुसऱ्या दिवशीही ओली राहिली. तिसऱ्या सकाळी टोपलीवरचं पान उचललं आणि वास आला. आंबट, ताडीसारखा. केळ्यांवर पांढरं धरलं होतं.

लाडकीने एक उचललं, हुंगलं, कोंबड्यांकडे टाकलं.

"सासू ह्याला मध म्हनायची?"

"नाही," क्षितिजा म्हणाली.

"मग जा आता. उन्हाळ्यात ये. वरची केळ तेव्हा घड देईल."

"उन्हाळ्यात रजा नाही मिळणार. आणि पावसाआधी कंद धरायला हवा, नाहीतर प्रयोगशाळेतली रोपंही वर्षभर पुढे जातील. आईच्या हातात अजून जोर आहे तोवर झालं पाहिजे."

"ते तुझं. माझा घड गेला."

"माहीत आहे. मी इथेच बसते."

"कशाला?"

"का आंबली ते बघायला."

काकांनी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती.

सावली

सकाळी ती खळ्याच्या कडेला घोंगडी घेऊन बसली. खळं गार होतं. गवतावर दव. समोर उत्तरेच्या उतारावर, माचीशेजारच्या उघड्या कातळावर, वानरांची टोळी पोटं उन्हाला देऊन बसली होती. एकाने तर हात डोक्यामागे घेतले होते.

तिने खडे गोळा केले. दक्षिणेच्या कड्याची सावली जिथे संपत होती तिथे एक खडा ठेवला. सावली सरकली की दुसरा. दुपार होता होता खडे कसेबसे खळ्यापर्यंत पोचले. ऊन आलं. लाडकीने चुलीवर भात चढवला. भात शिजून उतरला तेव्हा ऊन खळ्यातून गेलं होतं. खडे तिथेच, सावली त्यांच्यावरून परत.

ती उठली आणि मोठ्याने हसली. लाडकी दारात आली.

"येडी झाली काय?"

"लाडकीबाय, मोहाची फुलं कधी वाळवता?"

"उन्हाळ्यात. कधी वाळवनार?"

"तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. आता तो त्या कड्याच्या कडेने चालतो. खळ्यात पोचतच नाही."

लाडकीने कड्याकडे बघितलं, खड्यांच्या ओळीकडे बघितलं. "हिवाळ्यात आमी काय वाळवतच नाय. म्हनून कोन बगतो?"

"आमच्याकडेही कुणी बघत नाही. सपाटीला ऊन सगळीकडे पडतं. मांडव कुठेही घाला."

"म्हंजी दोघी येड्या."

"दोघी. आता घरातला घड द्या."

"तो पोरांचा."

"पोरांना सुकेळी खायला घालीन त्यातली. आणि बिघडला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. मुनवा मागणार नाही. काका पण नाही."

"मला कशाला मध्ये घेतेस?" काका म्हणाले. मग म्हणाले, "हो, मी पण नाही."

लाडकीने चुलीवरच्या घडाकडे मान वळवली. मग कोयता घेऊन आत गेली.

कातळ

कातळावर ऊन होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि खालून कातळही तापत होता. कातळावर वानरंही होती.

कातळावर मोबाईलला रेंजही होती. ते आधी कुणाला माहीत नव्हतं.

"हॅलो. आई, कातळावर मांडव घातलाय."

"कातळावर? खळं काय झालं?"

"खळ्यात ऊन येत नाही."

"ऊन कसं येत नाही? ऊन सगळीकडे असतं."

"आगाशीत."

"केळी चटईवरच आहेत ना? कातळाला लागू देऊ नको, करपतील. आणि दुपारी एकदा जास्त उलट."

"बरं."

"ते मागे कोण ओरडतंय?"

"ॲन्सेल्मकाका. वानरांना रोझरी ऐकवतायत."

"हॅलो. क्षितिजा मॅडम, पियुष बोलतोय कारखान्यातून. सोमवारी येताय ना?"

"नाही सर. रजा वाढवा."

"कारण काय लिहू?"

"केळी वाळलेली नाहीत."

"मॅडम, मी सिरीयसली विचारतोय."

"मी पण सर. तसंच लिहा."

"हॅलो आई. कडा चिवट झाल्यात, मध्ये मऊ आहे."

"दाब. बोटाला चिकटतं?"

"चिकटतं."

"सुटतं का?"

"सुटत नाही अजून."

"मग थांब. उतावळेपणा तुझ्या वडलांचा, तो तिथे नको."

"आई, तुझ्या गुडघ्यांना झेपलं असतं तर..."

"झेपलं असतं तरी आले नसते. मी आले असते तर तू शिकली नसतीस. ठेव फोन, वानर आलं असेल."

आलं होतं. म्होरक्या, काळ्या तोंडाचा, मांडवापासून हाताच्या अंतरावर. क्षितिजाने पत्र्याचा डबा बडवला. तो हलला नाही. तिने दगड उचलला, तरी हलला नाही. मग ती त्याच्या आणि मांडवाच्या मध्ये जाऊन बसली. नुसती बसली, त्याच्याकडे बघत. वाऱ्याने चटई फडफडत होती. वानर तिच्याकडे बघत होतं, तिच्यामागे बघत होतं, पुन्हा तिच्याकडे. शेवटी त्याने पाठ फिरवली आणि शेपटी वर धरून वरच्या कातळावर जाऊन बसलं. तिथे ऊन थोडं कमी होतं.

"तू कारखान्यात पण अशीच बसतेस का?" काकांनी विचारलं.

"खोकी पळत नाहीत, काका."

दिवस मोजले नाहीत. सकाळी टोपली वर न्यायची, संध्याकाळी खाली आणायची. केळी बारीक होत गेली, काळपट सोनेरी, अंगावर स्वतःचाच गोडवा चढलेली. लाडकी रोज काहीतरी निमित्त काढून वर यायची. कधी पाण्याची कळशी, कधी नुसतीच कंबर धरून. मांडवाकडे बघायची नाही. झऱ्याकडे बघायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मांडवाकडे.

एका दुपारी क्षितिजाने केळं दाबलं. बोटाला चिकटलं. आणि सुटलं.

तिने आईला फोन केला नाही.

चव

पहिला जुडगा तिने माचीवरच्याच केळीच्या सुक्या सोपटात बांधला, वर सोपटाचीच दोरी. लाडकीच्या ओट्यावर ठेवला. घरातली माणसं आली, शेजारची आली, परेश कामावरून आला तो तसाच उभा राहिला. ज्यांचा घड होता ती पोरं पुढे येऊन बसली.

लाडकीने सोपट सोडलं. एक उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, दातांनी तोडलं. चघळायला लागली. चघळतच राहिली. ॲन्सेल्मकाकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"काय?" शेवटी परेशने विचारलं. "आये, बोल ना."

"म्हातारी खोटं नव्हती बोलत." लाडकीने गिळलं. "थोडं बोलत होती. मधासारखं नाय."

"मग कशासारखं?"

तिने अजून एक तुकडा तोडला. "केळ्यासारखंच. पन लई दिस कोनी जपून ठेवल्यासारखं."

मग तिने पोरांच्या हातावर एकेक ठेवलं आणि उरलेला जुडगा बांधून आढ्याला टांगला. उंच, खारींना पोचणार नाही असा.

मुनवे तिने स्वतः काढले. तलवारीसारख्या अरुंद पानांचे, मोठ्या झाडाला बिलगून आलेले. काकांनी उकळलेला कोयता पुढे केला, तो तिने घेतला नाही. स्वतःची पहार घेतली. कंदाला धक्का न लावता माती सोडवली. एक क्षितिजाला, एक काकांना, एक प्रयोगशाळेला.

"पुढल्या साली वाटा इथं आनायचा," ती म्हणाली. "तिथं टांगून खारींना घालायचा नाय. दरड बिरड काय सांगायचं नाय. धोंड्यांवरून येता येतं, आता बगितलंस."

"आणीन."

"नाय आनलास तर?"

"तर खाली येऊन मुनवा उपटून न्या."

"नेईन," लाडकी म्हणाली. ते तिने गमतीने म्हटलं नव्हतं, आणि क्षितिजाला ते आवडलं.

खोरं म्हणजे

अशी जागा, जिथे ऊनही कुठे बसायचं ते ठरवून येतं. जिचं तोंड मिटलं तरी तिथलं देणं संपत नाही. जिथे जायचं तर चढावं लागतं.

(इथे थांबू. बाकीचं पुढच्या हिवाळ्यात, कातळावरून.)

पूर्वेचा खांब

मुनवा जाळलेल्या जागी लावला नाही. बावखलाच्या, वाडीतल्या जुन्या तळ्याच्या पलीकडे, जिथे कधी केळ नव्हती तिथे नवं आळं केलं. काकांनी आपला मुनवा कुंपणाच्या आपल्या बाजूला लावला आणि रोज सकाळी दोन्ही आळी बघायला लागले. आपलं आधी, मग हिचं, मग पुन्हा आपलं.

मुनव्याची पानं सुकली होती. सुकतातच. मधे एक टोक होतं, हिरवं की पिवळं ते अजून सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी क्षितिजा कामावरून आली तेव्हा आई मांडवाखाली होती. स्टुलावर बसून, पूर्वेच्या खांबाच्या आकड्याला पक्कड लावून ओढत होती. गंज तिच्या मांडीवर पडला होता.

"काय करतेस?"

"काढतेय. आता याचं काम नाही. वाटा वर जायचा आहे."

"आई, रोप अजून धरलं नाही."

"धरेल."

"आणि नाही धरलं तर?"

"तर तू पुन्हा जाशील." आशालताबाईंनी पक्कड दोन्ही हातांनी धरली, पाय खांबाला लावला. आकडा किंचित वाकला, निघाला नाही. "उभी काय राहिलीस? हे टोक धर. नाही निघाला तर खांब कापू."

क्षितिजाने पर्स जमिनीवर ठेवली आणि टोक धरलं.